घोड्याची शेंडी

गेल्या दिवाळीला या पानावर शिवणयंत्रातल्या दोऱ्याच्या ताणाविषयी लिहिले, तेव्हा पुष्कळ भगिनींची पत्रे आली होती. यंदाचा विषय त्यांच्या फारसा उपयोगाचा नाही, आणि खरे सांगायचे तर तो आम्ही निवडलेलाही नाही. तो आमच्यावर ओढवला, आणि तोही आमच्याच करणीने. तेव्हा आधी ती हकिकत.

आमच्या नातवाने, वय वर्षे सात, वसुबारसेच्या दिवशीच बापाकडून टिकल्यांचे पिस्तूल पदरात पाडून घेतले. आमच्या लहानपणी टिकल्या कागदाच्या असत. त्या पाट्यावर ठेवून दगडाने ठेचल्या तरी आमचे भागे. आताच्या पिस्तुलात आठ टिकल्यांची लाल प्लॅस्टिकची चकती बसते आणि चाप ओढला की ती एक घर पुढे सरकते. म्हणजे नाव पिस्तूल असले तरी ते थेट रिव्हॉल्व्हरच. तक्रार एकच होती. चाप इतका ताठ की नातवाला दोन्ही हातांची बोटे लावून ओढावा लागे, आणि तेवढ्या झटापटीत नळीचे तोंड कुंडीवरून फिरून शेजाऱ्यांच्या खिडकीकडे जाई.

"आबा, हा हलका करून द्या ना."

ज्याचे सारे आयुष्य कारखान्यात यंत्रांच्या संगतीत गेले त्याला असे कुणी म्हणावे आणि त्याने नाही म्हणावे, हे शक्य आहे काय? दोन स्क्रू काढले. आत एक घोडा, एक चाप, एक स्प्रिंग, आणि घोड्याच्या पोटाशी चापाचे टोक अडकवणारी एक खाच. स्प्रिंगचे दोन वेढे कापले, नखे घासायच्या कानशीने खाचेची कड जरा उतरवली, तेलाचा थेंब सोडला. चाप लोण्यासारखा चालू लागला. घरात आमची वाहवा झाली.

ती संध्याकाळपर्यंत टिकली. नातू घोडा मागे चढवून गच्चीतून धावत आला, पिस्तूल हातातून निसटून फरशीवर पडले, आणि चापाला कुणाचेही बोट नसताना 'फट्' झाले. ठिणगी त्याच्याच पायाच्या अंगठ्यावर उडाली. फोड आला नाही, काळा डाग तेवढा पडला. पण रडे मोठे होते. ते निवल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, "तुम्ही ते दुरुस्त केलंत, की बिघडवलंत?"

या प्रश्नाने आमची दोन दिवसांची झोप नेली. मग खऱ्या रिव्हॉल्व्हरांची माहिती चाळू लागलो, तो काय! दीडशे वर्षे कारागीर, कारखानदार, सेनाधिकारी आणि पोलीस कमिशनर याच एका प्रश्नाशी झटत आलेले दिसले.

आधी थोडी ओळख. रिव्हॉल्व्हरचा घोडा म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावणारी लहानशी हातोडी. ती काडतुसाच्या बुडाशी आदळली की बार उडतो. घोडा मागे नेण्याचे मार्ग दोन. एक, अंगठ्याने तो मागे ओढून खाचेत अडकवायचा आणि मग चाप नुसता टेकवायचा. दुसरा, चापच लांबवर ओढत राहायचा. त्या एकाच ओढीत चक्र फिरते, घोडा मागे जातो आणि सुटतो. पहिल्या रीतीने चापाला दीड-दोन किलोचा जोर पुरतो. दुसऱ्या रीतीने कारखान्यातून येणाऱ्या साधारण रिव्हॉल्व्हरला पाच-साडेपाच किलो लागतो. आता गंमत पाहा. रिव्हॉल्व्हरचे स्वतःचे वजन जेमतेम किलोभर, आणि एका बोटाने त्यावर त्याच्या पाचपट जोर लावायचा! हात हलणारच. नळीवरच्या माशीपासून मागच्या खाचेपर्यंत पंधरा सेंटिमीटरचे अंतर धरले आणि माशी नुसती एक मिलिमीटर ढळली, तर पंधरा मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणून नेमबाजाला चाप हलका हवा असतो. आमच्या नातवाचीही तक्रार तीच होती. फक्त त्याला गणित येत नव्हते.

परंतु चाप हलका करणे म्हणजे नेमके काय करणे? स्प्रिंग मऊ केली तर घोडा हळू पडतो आणि काडतूस कधी कधी फुसके निघते. ऐन वेळी शस्त्राने 'टक्' एवढाच आवाज करावा, यासारखी फजिती नाही. खाच उतरवली तर घोडा केसाच्या आधारावर लटकतो, धक्का लागताच सुटतो. आणखी एक बारकाव्याची गोष्ट आहे, आणि ती आम्हाला तरी आधी सुचायला हवी होती. खऱ्या शस्त्राच्या खाचेला पाणी दिलेले असते, आणि पुष्कळदा तो कडकपणा वरच्या पातळ कातड्यापुरताच असतो. कानशीने ते कातडे सोलले की खालचे मऊ पोलाद उघडे पडते. पहिले काही दिवस चाप सुरेख चालतो. पुढे कड झिजत जाते, आणि एक दिवस घोडा आपल्या मर्जीने पडतो. जाणते कारागीर घासणारे पृष्ठभाग आरशासारखे गुळगुळीत करतात, पण खाचेच्या खोलीला हात लावीत नाहीत. हौशी माणूस नेमका खाचेपासून सुरुवात करतो. आमचेच उदाहरण ताजे आहे.

आता अमेरिकेत जाऊ, कारण या धंद्याचे माहेर तेच. कोल्ट कंपनीचे १८७३ सालचे प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर, जे सिनेमातल्या प्रत्येक गुराख्याच्या कमरेला दिसते, त्यात सहा गोळ्यांची सोय होती. पण शहाणी माणसे त्यात पाचच भरीत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवीत. कारण घोड्याचे टोक सरळ काडतुसाच्या बुडावर विसावलेले असे. घोड्यावरून उतरताना रिकिबीचा एक फटका त्या घोड्याला बसला की आटोपले. (मराठीत दोन्ही घोडेच, त्याला आमचा इलाज नाही.)

मग कारखानदारांनी एकेक युक्ती काढली. स्मिथ अँड वेसन कंपनीने १८८७ पासून असे रिव्हॉल्व्हर विकायला काढले की ज्याचा घोडा बाहेरून दिसतच नसे आणि ज्याची मूठ तळहाताने नीट आवळल्याखेरीज चाप सरकत नसे. एका पोराने घरातले रिव्हॉल्व्हर हाती घेतले आणि अनर्थ झाला, ही बातमी ऐकून डॅनियल वेसन यांनी ही मूठ योजली, अशी कथा आहे. कथा खरी असो वा जाहिरातीसाठी रचलेली, तिचे अभिप्रेत गिऱ्हाईक कोण होते ते उघड आहे. घरात लहान मूल असलेला बाप.

त्याच गिऱ्हाइकावर आयव्हर जॉन्सन कंपनीनेही डोळा ठेवला होता. तिच्या रिव्हॉल्व्हरात घोडा थेट गोळीला टेकतच नसे. चाप पूर्ण ओढला तरच मध्ये एक पट्टी वर येई आणि घोड्याचा ठोसा पुढे पोचवी. घोड्यावर खुशाल हातोडी मारून पाहा, असे ती कंपनी जाहिरातीतून लोकांना बजावी. कल्पना उत्तम होती यात शंका नाही. पण १९०४ सालच्या तिच्या एका जाहिरातीत निजायच्या कपड्यांतली चिमुरडी अंथरुणात बाहुलीशेजारी रिव्हॉल्व्हर घेऊन बसली आहे, आणि बाबा म्हणतात याने इजा होत नाही अशा अर्थाचे शब्द तिच्या तोंडी घातले आहेत! ते चित्र पाहून आमच्या अंगावर काटा आला. याच कंपनीच्या रिव्हॉल्व्हराने १९०१ च्या सप्टेंबरात बफेलो शहरी अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते आठ दिवसांनी वारले. आपोआप बार न उडणे हा गुण मोठा खरा, परंतु चाप ओढणारे बोट कुणाचे हे त्या पट्टीला कुठे कळते?

आता शीर्षकाकडे वळतो. घोड्याच्या माथ्यावर अंगठा अडकवण्यासाठी एक उंच खुंटी असते. तिला आम्ही शेंडी म्हणतो. खिशातून रिव्हॉल्व्हर झटकन उपसताना ही शेंडी कोटाच्या अस्तरात अडकते. कोल्ट कंपनीत जॉन हेन्री फिट्झजेराल्ड नावाचे एक धिप्पाड गृहस्थ होते. शस्त्रे तपासून पाहणे आणि पोलिसांना नेमबाजीचे धडे देणे हे त्यांचे काम. त्यांनी १९२०-३० च्या सुमारास घोड्याची शेंडी कापून टाकली, नळी आखूड केली, मूठ छाटली, आणि चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा अर्धा भागही उडवला. असे एकेक रिव्हॉल्व्हर ते विजारीच्या दोन्ही खिशांत बाळगीत. हौशी मंडळींत हा नमुना 'फिट्झ स्पेशल' म्हणून आजही पूजला जातो. शेंडी कापण्यात आम्हाला शहाणपण दिसते. तिच्यावाचून घोडा अंगठ्याने चढवता येत नाही, म्हणजे हलका चाप घेऊन कुणी धावणार नाही. पण चापाचे कडे कापणे? खिशातल्या किल्ल्यांच्या जुडग्याशी चाप उघडा ठेवणे हे फिट्झजेराल्ड यांच्यासारख्या मुरब्बी माणसालाच पचावे. त्यांचे पाहून दुसऱ्यांनी ते करू नये.

शेंडी कापण्याचा हा प्रयोग पुढे एका सरकारनेही केला. ब्रिटिश फौजेसाठी एन्फील्डच्या कारखान्यात ०.३८ बोअरचे रिव्हॉल्व्हर होत असे. त्याची घडण वेब्ली कंपनीच्या नमुन्यावरून उचलल्याचा दावा त्या कंपनीने लावला आणि तिला १,२५० पौंड मिळालेही. १९३८ साली या रिव्हॉल्व्हरचा सुधारलेला नमुना निघाला. त्यात शेंडी नव्हती आणि घोड्याची स्प्रिंग मऊ केली होती, म्हणजे आम्ही नातवाच्या पिस्तुलावर केले तेच, फक्त इंजिनियरांच्या देखरेखीखाली. रणगाड्यातल्या चिंचोळ्या जागेत शेंडी जिथे तिथे अडकते, अशी तक्रार होती म्हणतात. शिपायांना मात्र हा बदल आवडला नाही. मऊ केला तरी चाप लांब आणि जडच होता, आणि शेंडी नसल्याने हलक्या चापाचा मार्ग बंद. ज्याला नेम धरून मारायचे त्याची पंचाईत झाली.

इथपर्यंत ठीक होते. पण महायुद्ध पेटले, घाई सुरू झाली, आणि १९४२ साली याच रिव्हॉल्व्हरचा आणखी स्वस्त नमुना काढण्यात आला. घोड्याला अडवून धरणारा आतला एक लहानसा तुकडा त्यातून वगळला होता. तेवढेच काम वाचले. परिणाम असा की रिव्हॉल्व्हर हातातून पडले तर बार उडण्याचा धोका. अखेर ती हत्यारे परत बोलावून तुकडा पुन्हा बसवावा लागला. कारखान्याच्या हिशेबवहीत या बचतीची काय नोंद झाली असेल, ते पाहायला आम्हाला आवडेल.

त्याच युद्धात अमेरिकेच्या आरमारातही याच जातीचा प्रसंग घडला, पण तो एवढ्यावर निभावला नाही. स्मिथ अँड वेसनची 'व्हिक्टरी' नावाची लाखो रिव्हॉल्व्हरे तेव्हा सैन्यात वाटली गेली होती. घोडा अडवणारी एक पट्टी त्यात होती. तरीही युद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४ च्या सुमारास, एका जहाजाच्या पोलादी तक्त्यावर एक भरलेले रिव्हॉल्व्हर पडले, बार उडाला आणि एक खलाशी ठार झाला. कुणाचेही बोट चापावर नव्हते. कंपनीने ताबडतोब नव्या बांधणीची पट्टी तयार केली. चाप शेवटपर्यंत ओढून धरल्याखेरीज ती घोडा आणि काडतूस यांच्या मधून हलत नाही. ती घातलेल्या रिव्हॉल्व्हरांच्या क्रमांकामागे एक जादा अक्षर छापू लागले. आजही त्या कंपनीच्या रिव्हॉल्व्हरात त्याच कल्पनेची पट्टी असते, आणि चाप गुळगुळीत करण्याच्या नादात तीच काढून फेकणारे महाभाग असतात. आत एक तुकडा कमी म्हणजे एक घर्षण कमी, असा त्यांचा हिशेब! एका माणसाच्या जिवावर जो तुकडा घडला तो काढताना हात कसा कापत नाही, कोण जाणे.

जड चापाने नेम साधतच नाही, असे मात्र कुणी समजू नये. एड मॅकगिव्हर्न म्हणून एक पाट्या रंगवणारा गृहस्थ अमेरिकेतल्या माँटाना प्रांतात राहत असे. शरीराने गोल, हाताने विजेसारखा. १९३२ साली त्याने अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात, अचूक सांगायचे तर ०.४५ सेकंदात, पाच गोळ्या अशा झाडल्या की पाचही भोके एका अर्ध्या डॉलरच्या नाण्याखाली झाकली जावीत. घोडा अंगठ्याने चढवायला एवढ्या वेळात फुरसत कुठली? हे सारे लांब, जड चाप ओढूनच. वर्षानुवर्षे रोज काडतुसे फुंकून त्याने बोट तयार केले होते. कानशीने चाप हलका करणे स्वस्त पडते, बोट भक्कम करणे महाग, एवढाच काय तो फरक.

परंतु पोलीस खात्यातल्या हजारो शिपायांना मॅकगिव्हर्न बनवणे कुणालाच शक्य नाही. तिथे हा प्रश्न खरोखर अवघड होऊन बसतो. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतल्या पोलिसांनी रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने चढवण्याची सोयच काढून टाकली. संशयिताकडे नळी रोखलेली, घोडा चढवलेला, छातीत धडधड, आणि दीड किलोच्या चापावर घामेजलेले बोट! अशा वेळी दचकून गोळी सुटली तर ती परत कशी आणायची? पुढे १९९३ नंतर न्यू यॉर्कच्या पोलिसांच्या हाती रिव्हॉल्व्हरऐवजी नवी पिस्तुले आली. त्यांचा चाप मुळात हलका. तो खात्याने मुद्दाम जड करून घेतला, बारा पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. हेतू हा की शिपायाच्या बोटाला जुन्या रिव्हॉल्व्हरचाच भास व्हावा.

आता दुसरी बाजू ऐका. २४ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी त्या शहरातल्या एम्पायर स्टेट इमारतीपाशी एका माणसाने आपल्या जुन्या सहकाऱ्याला गोळ्या घालून ठार केले. दोन पोलिसांनी त्याला गाठले. त्याने पिस्तूल रोखताच दोघांनी मिळून सोळा गोळ्या झाडल्या. तो ठार झाला, पण रस्त्यावरचे नऊ वाटसरू जखमी झाले, आणि ते सगळेच्या सगळे पोलिसांच्या गोळ्यांनी किंवा त्यांच्या उडालेल्या तुकड्यांनी. तेव्हा जड चापावर बोट ठेवणारे टीकाकार पुढे आले. त्यांचे म्हणणे असे, की जो चाप शिपायाला दचकून गोळी सोडू देत नाही, तोच त्याला नेमही धरू देत नाही. २०२१ मध्ये त्या खात्याने नव्या भरतीच्या शिपायांना हलक्या चापाची पिस्तुले द्यायचे ठरवले. बारा पौंड चूक होते काय? आम्हाला तसे म्हणवत नाही. दचकून सुटलेली गोळी मोजता येते. बोट दचकले पण चाप जड म्हणून गोळी सुटलीच नाही, असे प्रसंग कुणाच्या वहीत लिहिलेले नसतात.

हलका चाप जिथे शोभतो अशी एक जागा आहे, आणि तिच्याशी आपल्या महाराष्ट्राचे नाते आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले. या क्रीडाप्रकारात चापाला किमान एक किलोचा जोर लागलाच पाहिजे असा नियम आहे. दहा मीटरच्या हवेच्या पिस्तुलाला तर अर्धा किलो पुरतो. तपासणी मोठी सोपी आणि आम्हाला फार आवडणारी आहे. नळी आकाशाकडे उभी धरायची, चापाला ठरलेले वजन लटकवायचे आणि पिस्तूल अलगद वर उचलायचे. वजनासकट चाप तोलला गेला आणि घोडा जागचा हलला नाही, तर पिस्तूल पास. वजन पेलण्याआधीच 'टक्' झाले तर नापास. तिथे समोर कागद असतो, मागे मातीचा बांध असतो, हुकूम होईपर्यंत कुणी काडतूस भरीत नाही. म्हणून तिथे एक किलो पुरतो. माणूस तोच, बोट तेच, पण खिशात किंवा उशाखाली ठेवायच्या शस्त्राला तो चाप चालणार नाही.

आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यात होणारे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर त्या जुन्या वेब्लीच्याच वळणाचे आहे. ते परवान्याने घेणारी काही मंडळी आमच्याही ओळखीत आहेत. त्यांतल्या एकांनी आमचे कारखान्यातले दिवस ध्यानात ठेवून मागे एकदा विचारले होते, "नाना, चाप फार कडक वाटतो हो, जरा बघता का?" तेव्हा आम्ही कायद्याचा आधार घेऊन सुटलो होतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून दुसऱ्याचे हत्यार दुरुस्त करणे किंवा बदलणे हा गुन्हाच आहे. पण मनातून आम्हाला वाटले होते, की कायदा आडवा आला नसता तर अर्ध्या तासाचे काम होते. टिकल्यांच्या पिस्तुलाने तो भ्रम फेडला. त्या गृहस्थांना परवा आम्ही आपण होऊन फोन केला. ते हसून म्हणाले, "नाना, मी ते तसेच ठेवले आहे. आता सवय झाली." आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

राहता राहिले नातवाचे पिस्तूल. कापलेली स्प्रिंग पुन्हा जोडता येत नाही आणि उतरवलेली खाच भरता येत नाही. भाऊबीजेच्या सकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून तसेच दुसरे घेऊन आलो. चाप पहिल्याइतकाच ताठ. नातवाने ते हातात घेतले, दोन्ही हातांची बोटे चापावर लावली, दात-ओठ खाऊन ओढला, आणि कुंडीतल्या तुळशीवर नेम धरता धरता शेजाऱ्यांच्या खिडकीवर बार काढला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "आबा, याला हात लावायचा नाही हं."

आमच्या पेटीतली ती नखांची कानस मात्र अजून सापडत नाही. सौभाग्यवतींनी ती कुठे ठेवली आहे, हे विचारण्याचा धीर आम्हाला झालेला नाही.